हौसाआक्का, सुया दोन होत्या

हौसाआक्का, काल तुमचं तेरावं झालं. भावकी आली होती म्हणे, पंगत बसली, या दुष्काळाच्या दिवसांतही तुमच्या मालकांनी कुठून तरी गहू आणून लापशी केली. मला बोलावणं नव्हतं आणि मी वाटही पाहिली नाही. आज तळ्याच्या कामाला सुट्टी आहे, म्हणून घरात बसून हे लिहिते आहे. सातवीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही हयात असता तरी हे कुणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी यातलं निम्मं लिहिलंच नसतं.

राग आलेला आहे, हे आधीच सांगते. तो तुमच्यावर आहे की तुमच्या घरावर, ते लिहिता लिहिता समजलं तर बरं.

पाझर तलावाच्या कामावर तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतो. शेतमालकिणी कामावर यायला लागल्या होत्या, पण मुसकं बांधल्यासारखा पदर घेऊन, कुणाशी न बोलता. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, तेव्हा लाज धरून बसायला कुणाला परवडत होतं. मुकादमानं तुम्हाला आमच्या टोळीत टाकलं. बाकीच्या तुमच्या भावकीतल्या बायका दुसऱ्या टोळीत होत्या. तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत, आणि माझ्या शेजारच्या खडीच्या ढिगावर येऊन बसलात. मध्ये हातभर जागा ठेवलीत. ती जागा मी मोजत नव्हते असं समजू नका. आम्हाला ती न बघताही कळते.

तुम्हाला हातोडी धरता येत नव्हती. दगड अंगठ्यानं दाबून धरायचात आणि बघायचात भलतीकडं. मी एकदा म्हटलं, "आक्का, दगडाला हात लावू नगा, पायानं धरा." तुम्ही ऐकल्यासारखं केलंत आणि पुन्हा हातानंच धरलात. त्याच आठवड्यात हातोडी अंगठ्यावर बसली. तुम्ही ओरडला नाहीत. पदराचा शेव गुंडाळून दिवस मावळेपर्यंत डाव्या हातानं पाटी भरत राहिलात. पुढं नख काळं पडून गळालं, आणि नवं आलं ते वाकडं, अर्धं. अंगठ्याचं पेर कायमचं ताठ झालं.

तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या अंगठ्यावर तुमचं काय काय अवलंबून होतं. गावात कुणाच्याही घरी गोधडी घालायची झाली की तुम्हाला बोलावणं जायचं, हे मी ऐकून होते. आमच्या वस्तीपर्यंत तुमच्या हातची गोधडी कशी यावी, म्हणून पाहिलेली नव्हती.

एके दिवशी पाटी उचलता उचलता तुम्ही विचारलंत, "कौसा, तुला सुई चालवता येती का?"

"येती की. का?"

"सुमी बाळंतपनाला येनार हाय. पयलटकरीन हाय. तिला जाड गोधडी घालायची, पर ह्यो अंगठा सुई धरंना." मग थोडं थांबून म्हणालात, "माज्या अंगनात येशील का?"

आता विचार करते तेव्हा वाटतं, तुमच्या भावकीत शिवणाऱ्या बायका नव्हत्या का. होत्या. त्यांना तुम्ही विचारलं नाहीत. मला विचारलंत. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. लिंबाखाली तुम्ही जुनी दोन लुगडी पसरून ठेवली होती, मध्ये धोतराचे, धडप्यांचे थर. तुमच्या सासूबाई ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना दिसतं कमी, असं सगळं गाव म्हणायचं. तुम्ही मला एका टोकाला बसवलंत, आपण दुसऱ्या टोकाला. एक सुई माझी, एक तुमची. बोलला नाहीत, पण माझी सुई माझ्या कोपऱ्यात आणि तुमची तुमच्या कोपऱ्यात, हे ठरलेलंच होतं.

मग आपलं भांडण सुरू झालं. आमच्या आईनं मला शिकवलं ते असं, की सुई उभी टोचायची, खालच्या हातानं टोक चाचपून चिमटीत धरायचं, खाली ओढून घ्यायची आणि पुन्हा खालून वर. एक टाका, एक ओढणं. तुम्ही लांबून बघत होतात. शेवटी राहवलं नाही.

"अशानं सुमीचं पोर शाळंत जाईल तवा गोधडी व्हईल."

तुमची पद्धत निराळी. सुई आडवी ठेवायची, मधल्या बोटाला चिंधी गुंडाळून तिनं नेढ्याला मागून रेटायचं, आणि डाव्या हातानं कापडच वर-खाली हलवत सुईवर टाके चढवत न्यायचे. सुई भरली की मग एकदाच ओढायची. "बोटं निस्ती धरायला," तुम्ही म्हणायचात. "वढायचं कोपरापून. बोटानं वढलं की दोरा आवळतो, कापड चुरगळतं, आन् सांजच्याला बोटं सुजत्यात." मी म्हटलं, आडव्या टाक्यानं आतले थर सरकतात, माझा टाका आरपार जातो. तुम्ही म्हणालात, आरपार टोचायला तू गोधडी घालतीस का पोतं शिवतीस. यावर आपण दर बाजाराला भांडलो. कुणाचं खरं, ते ठरलं नाही. एका अंगानं गोधडी माझ्या टाक्यांची झाली, दुसऱ्या अंगानं तुमच्या, आणि मधोमध दोन्ही टाके एकमेकांत शिरलेले.

पण तुमची पद्धत तुमच्याच हाताला जमेना. अंगठा वळत नव्हता. तुम्ही बिडी धरावी तशी सुई पहिल्या दोन बोटांत धरून बघितली. घामानं सटकायची. राखेत बोटं बुडवून बघितली. मी घरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, आमचे मालक पंक्चर काढायला ठेवत त्यातला. रबर सुईला धरून राहतं, जोर कमी लागतो. तुम्ही तो घेतलात, पण हातातून घेतला नाहीत. मी गोधडीवर ठेवला, तुम्ही गोधडीवरून उचललात. त्यानं काम बरंच हलकं झालं. तुम्ही हसलात. तुमचा पुढचा एक दात पडलेला होता, म्हणून हसताना तुम्ही तोंडावर हात घ्यायचात. त्या दिवशी विसरलात.

मग आला तो कोपऱ्याचा दिवस. चारी बाजूंचे काठ दुमडून आत घेतले की कोपऱ्यात एवढे थर होतात की सुई निम्मी जाऊन अडकते. तुमची सुई तशी अडकली. रबर लावून झालं, हिसके देऊन झाले. तुम्ही वाकून दातानं धरायला गेलात, पण नेमका तोच दात नव्हता, बाजूच्या दाताला टोक सापडेना. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हा आलं नव्हतं ते. मी सरकत तुमच्या टोकाला आले. विचारलं नाही. कोपऱ्यावर तोंड ठेवलं, दातांत सुई धरली, मान मागं घेतली आणि ओढून काढली.

सुई माझ्या दातांत होती. मी ती हातात घेतली, आणि मग आपण दोघींनीही तिच्याकडं बघितलं. माझ्या थुंकीनं ओली होती. मी सुई पदराला पुसणार होते. तेवढ्यात तुम्ही हात पुढं केलात. गोधडीवर ठेव असं म्हणाला नाहीत, सरळ माझ्या हातातून घेतलीत. आणि कापड नीट करायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून, नेहमीच्या सवयीनं, ती ओठांत धरलीत.

सवयीनं की मुद्दाम, आक्का? मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला वाटतं, तुम्ही एक क्षण थांबला होतात.

ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "हौसे, ती सुई टाक."

माळ थांबली होती. तुम्ही ओठांतली सुई काढलीत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. काय बोलाल ते मला माहीत नव्हतं, पण काहीतरी बोलाल.

तुम्ही म्हणालात, "आत्या, सुई येकच हाय. टाकली तर सुमीची गोधडी कशानं घालू?"

दुसरी सुई माझ्या टोकाला कापडात खोवलेली होती. ऊन तिच्यावर पडून चमकत होती. माळ पुन्हा सुरू झाली. तुम्ही टाका घातलात.

तळ्यावर जाताना दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आक्का, खोटं का बोलला?"

"मग काय बोलू?"

"सरळ बोलायचं. कौसाच्या तोंडातली हाय आन् मी ती टाकनार न्हाई, म्हनायचं."

"आन् मग? तू फुडच्या बाजाराला त्या अंगनात बसली असतीस का? त्यांनी बसू दिलं असतं का?"

"नसतं बसू दिलं तर नसते बसले. मला लबाडीवर मिळालेली जागा नगं."

तुम्ही पाटी डोक्यावर घेतलीत आणि म्हणालात, "तुला नगं. मला पायजे हुती ना तू तिथं."

याचाच मला जास्त राग आला. पुढं कितीदा हा विषय निघाला. मी म्हणायची, तुम्ही घाबरता. तुम्ही म्हणायचात, व्हय, घाबरते, तुला सासू न्हाई म्हनून तुला काय. कधी आपण दोघी हसायचो, कधी दिवसभर अबोला. एकदा तुम्ही म्हणालात, "माजं घर हाय ते, कौसा. ते मोडून मी कुटं जाऊ?" मी म्हटलं, मोडायला कोण सांगतंय, बोलायला सांगते. तुम्ही म्हणालात, "आमच्यात बोलनं म्हंजे मोडनंच आस्तं."

गोधडी पुरी झाली. सुमन आली, बाळंत झाली, मुलगी झाली. तुम्ही मला बोलावून लांबून नात दाखवलीत. ती गोधडी सुमनच्या अंगावर होती. ऊन वाढत गेलं. पिण्याला पाणी टँकरचं, ते आडात ओतायचे आणि आडातून गाळ उपसल्यासारखं ओढायचं. ढाळ आणि वांत्यांनी वस्तीतलीही दोन माणसं गेली. मग कळलं, आक्काही पडल्या.

मी आले होते. तुम्हाला ओसरीतच टाकलं होतं, वारा लागावा म्हणून. सुमननं तीच गोधडी दुमडून तुमच्याखाली घातली होती. तोंड एवढंसं झालं होतं. मी पायरीशी उभी राहिले. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत. मी मनात पुष्कळ काही आणलं होतं. तुम्ही म्हणालात, "ऊन लई हाय. डोक्यावर वल्लं फडकं घेऊन जा." बस. मी गेले. इतकं भांडलेल्या दोन बायकांचं शेवटचं बोलणं हे असावं, याचं मला अजून वाईट वाटतं. आणि तरी मी तुमचं ऐकलं होतं, भिजवायला पाणी नव्हतं म्हणून नुसतं कोरडं फडकं बांधून गेले होते.

तुम्ही गेल्यावर घर सारवलं, आणि तुमचा गडी एक बोचकं घेऊन आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला. आत आला नाही. बोचक्यातून आपल्या गोधडीचा काठ बाहेर दिसत होता. बोचकं खाली ठेवून म्हणाला, "आक्काचं आंथरून हाय. मालक म्हनले, न्या तुमी."

माझ्या सासऱ्यांनी ऐकलं. ते खाटेवर बसले होते. तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, कदाचित असेल. दीक्षा घेण्याआधी, जवानीत, गावातल्या प्रत्येक मयताचं कापड त्यांनीच उचलून आणलेलं आहे. मढ्यावरचं, मढ्याखालचं. तेच घरात पांघरायचं. माझ्या सासूबाई, आता नाहीत त्या, त्याच कपड्यांत बाळंत झाल्या. मग दीक्षेच्या वर्षी वस्तीनं ठरवलं, हे बंद. मेलेलं ढोर ओढणं बंद, मेलेल्याचं कापड बंद. गावानं बोलणं टाकलं, दळण टाकलं, आमच्या माणसांनी कामाविना दिवस काढले, पण कापड उचललं नाही. इतक्या वर्षांत कुणी द्यायची हिंमत केली नव्हती. दुष्काळ पडला आणि गावाला वाटलं असेल, आता घेतील.

सासऱ्यांनी गड्याला हाकललं नाही. मला म्हणाले, "कौसा, आपुन सोडलंय ह्ये. पर त्यात तुजे टाके हायत. मी काय सांगनार न्हाई. तुजं तू बघ."

असं म्हणून त्यांनी तोंड फिरवून घेतलं. त्यांनी मला ओरडून 'हात लावू नको' म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं.

मी बोचकं सोडलं. आक्का, खरं सांगते, मला ती घ्यायची होती. घरात पांघरूण धड नव्हतं हा भाग सोडा. तुमच्या बाजूचे ते आडवे टाके, अंगठा चालेना तेव्हाचे वाकडे, मग रबर आल्यावरचे सरळ. बोटं फिरवली तर तुम्ही कुठं थकलात ते कळत होतं. तुमचं दुसरं काहीच माझ्याकडं नाही. पण ती घेतली असती तर मी तुमची मैत्रीण म्हणून घेतली नसती. ज्या नात्यानं पाठवली होती त्याच नात्यानं घ्यावी लागली असती.

मी ती डोक्यावर घेतली आणि भर दुपारी गावातून चालत तुमच्या अंगणात आले. तुमचे मालक बाहेर गेले होते. ओसरीवर सासूबाई, आणि उंबऱ्यात मुलीला पाजत सुमन. मी गोधडी लिंबाखाली ठेवली.

"आजी, मयताचं कापड आमी घेत न्हाई," मी म्हटलं. "ही आक्कांनी सुमनला घातलीय. सुमनची हाय. तिला द्या."

"मेल्यालीच्या खालचं वल्ल्या बाळंतिनीला कसं द्यावं?" सासूबाई म्हणाल्या.

"मंग आमच्या घरात कसं चालतं?"

त्यांनी माळेचे दोन मणी ओढले. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या दिशी सुया दोन हुत्या. मला दिसत हुतं."

ऐकलंत, आक्का? त्यांना दिसत होतं. तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोललात, त्यांनी तुमच्यासाठी ते खरं मानलं, आणि मी मूर्खासारखी एवढे दिवस तुमच्याशी भांडत राहिले की सरळ बोला. तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर मला का सांगितलं नाहीत? आणि त्यांना एवढं दिसत होतं, तर ते बोचकं घरातून निघताना का दिसलं नाही?

सुमन उठून पुढं आली. गोधडीला हात लावून म्हणाली, "हिला उकळत्या पान्यात धुवायला पायजे. आत्ता प्यायलाच पानी न्हाई. उन्हात टाकते. पानी आलं की धुऊ. मग कौसामावशी, तुमीच न्या. आईला तेच बरं वाटंल."

"न्हाई सुमन. तवा बी मी न्हेनार न्हाई."

"का?"

तिनं खरंच विचारलं. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्यात खोट नव्हती. या घरात वाढलेली, लग्न होऊन गेलेली, पोरीची आई झालेली मुलगी, आणि तिच्या दारातून कोण काय उचलून नेत होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही नाही.

मग मी ओसरीच्या पायरीवर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी कुठल्या घरातून कुणाचं कापड आणलं, ते घराघराचं नाव घेऊन सांगितलं. तुमच्या आजेसासऱ्यांच्या मयताचं सांगितलं. ढोरं ओढायचं सांगितलं, दळण बंद झालं तेव्हा वस्तीत काय खाल्लं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. मुलगी पिऊन झोपली तरी सुमननं तिला खाली ठेवलं नाही. तुमच्या सासूबाईंची माळ हातात नुसती धरलेली होती. मला वाटत होतं, त्या मध्येच म्हणतील, पुरे, जा आता. त्या म्हणाल्या नाहीत. ऊन लिंबाच्या बुंध्यावरून भिंतीवर गेलं तोवर मी बोलत होते, आणि तुमच्या घरात त्या दिवशी काही मोडलं नाही. ऐकायला तेवढ्या तुम्ही नव्हतात.